दिव्याचे मोल

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी एका खेड्यातील मंडळीत आम्ही सायंकाळच्या उपासनेस गेलो असता अर्ध्या गीतावर वीज गेली. कंदील खुंटीस होता, परंतु त्यात तेल नव्हते. हल्ली कंदिलात तेल भरून ठेवतो कोण? पुस्तके मिटली, मुले हसू लागली, आणि ज्यांस पाठ होते त्यांनी ते गीत अंधारातच पुरे केले. पंधरावीस मिनिटांनी दिवे आले, तेव्हा भिंतीशी बसलेले एक वृद्ध गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “आलं, आमचं गाव आलं!” पुष्कळ जण हसले. आम्हांस मात्र त्या बोलण्याचा अर्थ लागेना.

उपासना आटोपल्यावर चौकशी करता कळले की हे गृहस्थ मंडळीपैकी नव्हेत. शेजारी म्हणून गीते ऐकावयास येऊन बसतात. त्यांचे मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात होते. धरण झाले तेव्हा ते दहा वर्षांचे होते, आणि आज त्या गावावर पाणी आहे. दिवा लागला की “गाव आले” असे म्हणण्याची त्यांची सवय आहे, आणि घरची माणसे तिला आता कंटाळली आहेत असेही त्यांनी हसत सांगितले. निघतेवेळी त्यांनी विचारले, “पाळकसाहेब, उजेड तर आमालाबी पायजे. पर त्याचं देणं कोण लागतं?” ह्या प्रश्नास आम्ही त्या रात्री उत्तर दिले नाही. वाचकांपुढे तो ठेवावा म्हणून हा लेख लिहीत आहोत.

कोणी म्हणेल की तारेतून आलेली वीज कोणत्या गावची हे कोण सांगणार? आपल्या राज्यातील बहुतेक वीज कोळसा जाळून होते, हे खरे. परंतु कोळशाची भट्टी दिवसाच्या घटकेप्रमाणे चटकन कमीजास्त करिता येत नाही, पाण्याची दारे मात्र हवी तेव्हा उघडता येतात. म्हणून दिवेलागणीस घरोघर बटणे दाबली जाऊन मागणी एकदम वाढते, त्या वेळी कोयनेचे पाणी चाकांवर सोडितात. तेव्हा म्हाताऱ्याचे म्हणणे अगदीच वेडेपणाचे नव्हते.

कोयना महाबळेश्वरी उगम पावते, डोंगरांच्या दोन रांगांमधून दक्षिणेस वाहत येते, हेळवाकाजवळ पूर्वेस वळते आणि कराडास कृष्णेस मिळते. हा तिचा नैसर्गिक मार्ग होय. मनुष्याने तो अडविला. पाटण तालुक्यात १०३ मीटर उंचीची भिंत घालून नदीचे पाणी मागे तुंबविले. आणि पूर्वेस जाणारे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेस वळवून, सुमारे दीड हजार फूट खाली, चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे जमिनीखाली बांधलेल्या वीजघरात सोडिले. तेथून ते वाशिष्ठीस मिळून अरबी समुद्रास जाते. बंगालच्या उपसागरास जाणाऱ्या पाण्याचा समुद्रच बदलला! १९६२ साली पहिली वीज निघाली. पुढे टप्प्याटप्प्याने वाढून ह्या प्रकल्पाची शक्ती १,९६० मेगावॉट झाली. त्या वाढीसाठी १९९९ साली आणि पुन्हा २०१२ साली भरलेल्या जलाशयाच्या तळास खालून छिद्र पाडण्याचे अवघड काम आपल्याच लोकांनी करून दाखविले. ह्या कर्तबगारीचा आम्हांस अभिमान वाटतो, आणि पुढे जे लिहावयाचे आहे ते लिहिताना तो आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही.

आणखीही एक गोष्ट कोयनेच्या बाजूने सांगितली पाहिजे. डोंगराची उंची कामास आल्यामुळे येथे थोड्या जमिनीत पुष्कळ वीज मिळाली. जलाशय सुमारे ११५ चौरस किलोमीटरांचा आहे. ह्याच्या उलट ब्राझील देशात ॲमेझॉनच्या जंगलात बाल्बिना नावाचे धरण आहे. तेथील प्रदेश सपाट. १९८७ साली दारे बंद केली तेव्हा पाणी वर चढण्याऐवजी पसरत गेले, आणि दोन हजारांहून अधिक चौरस किलोमीटर अरण्य त्याखाली गेले. मिळावयाची वीज किती, तर अवघी २५० मेगावॉट. झाडे बहुतेक न तोडता तशीच बुडविली. ती पाण्यात कुजत राहिली, आणि जेथे वारा पोहोचत नाही अशा तळच्या पाण्यात कुजण्यापासून मिथेन वायू उत्पन्न होतो, जो पृथ्वीची उष्णता वाढवितो. तितकीच वीज कोळशापासून केली असती तरी हवेची हानी ह्यापेक्षा कमी झाली असती, असे तेथील शास्त्रज्ञांनी हिशेब करून दाखविले. पाण्यापासून होणारी वीज नेहमीच निर्मळ, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती सर्वत्र खरी नाही.

आता आमच्या खोऱ्याकडे वळू. धरणाने किती जंगल गेले हे हेक्टरांत सांगितले म्हणजे सर्व सांगितले असे अधिकारी मंडळींस वाटते. आमच्या मते हेक्टरांच्या आकड्यात निम्मी गोष्ट लपते. डोंगरी मुलखात माथ्यावर खडकाळ सडे असतात, उतारावर दाट रान असते, आणि अगदी तळास नदीकाठी सपाट पट्टी असते. तेथेच गाळाची माती, तेथेच भाताची खाचरे, आणि तेथेच उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज अशी ओलाव्याची झाडे. चैत्र-वैशाखात वरचे ओढे आटले म्हणजे गवा, सांबर व भेकर ह्याच पट्टीस उतरतात. मनुष्याने गावे वसविली तीही येथेच. धरणाचे पाणी आधी नेमकी ही पट्टी घेते. उतारावरचे रान तसेच उभे राहते, आणि लांबून पाहणाऱ्यास वाटते की जंगल तर पुष्कळ उरले आहे! घरातील चूल व पाणोठा काढून नेला आणि ओसरी ठेवली, तर घर उरले असे म्हणावे काय?

बरे, नदीचा काठ गेला तर तळ्याचा काठ मिळाला, असे तरी म्हणता येते काय? तेही नाही. नैसर्गिक तळ्याच्या काठी लव्हाळे उगवतात, झाडे वाकतात, पक्षी घरटी करितात. वीजघराचा जलाशय आश्विनात काठोकाठ भरतो आणि ज्येष्ठापर्यंत कित्येक मीटर खाली उतरतो. ह्या दोन रेषांमधील जमीन अर्धे वर्ष बुडालेली आणि अर्धे वर्ष उन्हात तडकलेली असते. तेथे झाड जगत नाही, गवतही जेमतेम. उन्हाळ्यात शिवसागराच्या कडेने जो उघडा तांबूस पट्टा दिसतो तो हाच. पाणी उतरले म्हणजे काही ठिकाणी लोक त्यात गाळपेर करितात, तेवढाच त्याचा उपयोग.

पाण्याने वेढलेल्या टेकड्यांची गोष्ट तर अधिक शिकवणारी आहे. धरण भरले म्हणजे उंच टेकड्या बेटे होऊन राहतात. त्यांवरील झाडे हिरवीच असतात, म्हणून कोणास काही गेले असे वाटत नाही. थायलंड देशात १९८६-८७ च्या सुमारास च्यू लान येथे असा एक जलाशय झाला. शास्त्रज्ञांनी त्यातील बेटांवर वर्षानुवर्षे पिंजरे लावून लहान रानटी जनावरांची मोजदाद केली. लहान बेटांवरील मूळ प्राणी पाच वर्षांतच जवळजवळ नाहीसे झाले. मोठ्या बेटांवरीलही पंचवीस वर्षांत तसेच गेले, आणि त्यांच्या जागी बाहेरून आलेला एक उंदीर मात्र माजला. व्हेनेझुएलातील गुरी जलाशयाच्या बेटांवर दुसराच प्रकार घडला. तेथे शिकारी प्राणी राहिले नाहीत. त्यामुळे पाने कापून नेणाऱ्या मुंग्या आणि पाला खाणारी माकडे बेसुमार वाढली, आणि त्यांनी कोवळी रोपे उरू दिली नाहीत. मोठी झाडे उभी, परंतु त्यांच्यामागे येणारे मूल नाही, असे ते रान झाले. अशा रानाचा नाश एका दिवसात होत नाही. दारे बंद करणारा अधिकारी निवृत्त होऊन घरी बसतो, तरी तो चालूच असतो.

कोयनेच्या खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, त्यात दोनशेच्या जवळपास माणसे दगावली. जलाशयातील पाण्याच्या भाराने व झिरपण्याने जमिनीतील जुन्या भेगा हलल्या, असे आज जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ ह्या भूकंपाचे उदाहरण देऊन सांगतात. बांधणाऱ्यांस त्या वेळी हे ठाऊक नव्हते, म्हणून त्यांस दोष देणे बरे नव्हे. परंतु ज्याचे मोल आपणांस ठाऊक नाही अशी वस्तू आपण विकत घेत आहो, एवढे तरी त्यावरून समजावे.

आता माणसांविषयी. सुमारे शंभर गावांस कोयनेने आपली जमीन सोडावयास लाविले. कोणी सोलापूरकडे, कोणी सांगलीकडे, कोणी ठाणे-कुलाब्याकडे गेले. पाचशे सेंटिमीटर पावसात वाढलेली माणसे कोरड्या माळावर नेऊन बसविली. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला, आणि असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य होय; परंतु कोयनेची माणसे तोवर उठून गेली होती. त्यांपैकी कित्येकांची जमिनीची मागणी साठ वर्षांनंतरही, नातवंडांच्या हातून, अर्जांच्या रूपाने फिरत आहे. त्याही आधी, १९२१ साली, मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभे राहून हाच प्रश्न विचारला होता. तो सत्याग्रह मोडला, धरण झाले, आणि भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळाली.

कोयनेच्या काही कुटुंबांनी दूर जाण्याचे नाकारिले व ती पाण्याच्या वर, डोंगराच्या अंगास, सरकून राहिली. पुढे १९८५ साली ह्याच डोंगरांस अभयारण्य म्हणून जाहीर केले, आणि २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. उद्देश चांगलाच होता. धरणामुळे मुलूख निर्मनुष्य झाला आणि त्यामुळेच तेथील रान पुन्हा दाट झाले, असेही काही अंशी घडले आहे. आज शेकरू व गवे पाहावयाचे तर तेथे जावे. परंतु धरणासाठी एकदा उठलेल्या माणसांपैकी काहींस आता वाघासाठी पुन्हा उठण्यास सांगण्यात आले. पहिल्या वेळी जे वाक्य त्यांच्यापुढे म्हटले गेले तेच दुसऱ्या वेळीही म्हटले गेले: पुष्कळांच्या हितासाठी थोड्यांनी सोसावे.

ह्या वाक्याविषयी आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. ते वाक्य खोटे नाही. आई लेकरांसाठी सोसते, सैनिक देशासाठी सोसतो. सोसण्यावाचून जगात काही मोठे झालेले नाही. परंतु हे वाक्य कोणाच्या तोंडचे आहे ते पाहिले पाहिजे. जो देतो त्याच्या तोंडी ते त्याग होय. जो घेतो त्याच्या तोंडी ते शोभत नाही, आणि ज्याच्या घरचे काहीच जात नाही अशा तिऱ्हाइताच्या तोंडी तर मुळीच नाही. रानातील जनावरांची गोष्ट तर ह्याहूनही निराळी आहे. त्यांस कोणी विचारूच शकत नाही. झाड मनुष्याइतक्या मोलाचे आहे काय, असा वाद काही विद्वान घालतात. आम्ही त्यात पडत नाही. ज्या म्हाताऱ्याविषयी आम्ही लिहीत आहो त्याचे घर आणि रान एकाच दिवशी बुडाले, आणि दोहोंपैकी कशासाठी अधिक रडलो हे त्यालाही सांगता येत नाही.

मग दुसरे टोक असे की दिवाच लावू नये. आमच्या वाचकांस दाविदाची ती गोष्ट ठाऊक आहेच. बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी प्यावे अशी त्यास इच्छा झाली. तीन वीर पलिष्ट्यांच्या छावणीतून घुसून ते पाणी घेऊन आले. आणि जिवावर उदार होऊन आणलेले पाणी आपण कसे प्यावे, म्हणून त्याने ते न पिता परमेश्वरापुढे ओतून टाकिले. तरुणपणी आम्ही ह्या गोष्टीवर उपदेश करीत असू तेव्हा आम्हांस वाटे की सचोटीच्या मनुष्याने असेच करावे. आता वाटते की दाविदाचे काम सोपे होते. त्याने पाणी प्याले नव्हते, आणि ते तिघे जिवंत परत आले होते. आपण तर साठ वर्षे हे पाणी पीत आहो. आज आम्ही आपला दिवा मालविला तर कोयनेकाठचा एकही उंबर वर येणार नाही. फक्त आमच्या मनास बरे वाटेल. शिवाय ज्या विधवेच्या झोपडीत आता कोठे एक दिवा आला, तिच्यापुढे दहा दिव्यांच्या घरातील माणसाने त्यागाची भाषा बोलणे हेही आम्हांस निर्लज्जपणाचे वाटते.

घेतलेली वस्तू परत देता येत नाही आणि टाकूनही चालत नाही, तेव्हा जे उरते त्यास आपल्या खेड्यातील लोक देणे म्हणतात. देणेकऱ्याने प्रथम वहीत काय लिहिले आहे ते पाहावे. येथेच मोठी चूक झाली आहे. म्हातारबाबांनी सांगितले की मोजणीवाले आले तेव्हा त्यांच्या वडिलांच्या दारचा आंबा व दोन फणस त्यांनी लिहून घेतले, आणि त्यांचे पैसेही मिळाले. वडील म्हणाले, “आणि हिरडा?” उत्तर आले, तो सरकारी रानातला, तुमचा नव्हे. ज्या हिरड्याच्या विक्रीवर वर्षाचे मीठमिरची येई, ज्या कारवीच्या कुडाने भिंती होत, जे मधाचे पोळे, जी शिकेकाई, ज्या ओढ्यातील मासे, त्यांपैकी काहीही कोणाच्या नावावर नव्हते, म्हणून ते वहीत आले नाही. आणि जे वहीत नाही ते फेडावयाचे कसे?

वही आधी नीट लिहिली तर काय होते हे केरळात दिसून आले. सायलेंट व्हॅलीत कुंतिपुळा नदीवर १२० मेगावॉटांचे धरण व्हावयाचे होते. शाळामास्तर, कवी व शास्त्रज्ञ ह्यांनी मिळून त्या खोऱ्यात काय आहे ते लोकांस सांगितले. सिंहपुच्छ वानर अशाच अखंड रानात झाडांच्या शेंड्यांवरून फिरते, त्यास तुटके तुकडे चालत नाहीत, हे गावोगाव कळले. बरीच वर्षे वाद झाला, आणि १९८४ साली सरकारने धरण सोडून ते रान राष्ट्रीय उद्यान ठरविले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तर ह्याहून पुढची गोष्ट घडली. एल्वा नदीवर १९१३ व १९२७ साली बांधलेली दोन धरणे २०११ ते २०१४ ह्या काळात काढून टाकिली. त्यांच्या भिंतींमुळे शंभर वर्षे सामन मासे समुद्रातून वर चढू शकत नव्हते. हे मासे अंडी घालून नदीतच मरतात, अस्वले व पक्षी त्यांस ओढून रानात नेतात, आणि झाडांस समुद्राचे खत मिळते. मासे आता परत चढू लागले आहेत. अडलेला गाळ वाहून जाऊन नदीच्या मुखाशी पुन्हा वाळूचा किनारा बनला आहे. कोयनेचे धरण काढावे असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे पोरकटपणा होईल. परंतु नदी हिशेब विसरत नाही, आणि दिल्यास परत घेते, एवढे त्यावरून दिसते.

कोयनेच्या बाबतीत द्यावयाचे ते काही फार गूढ नाही. दिलेल्या शब्दाप्रमाणे जमिनी द्याव्या, आणि त्या अर्जदार मरण्यापूर्वी द्याव्या. जलाशयाच्या वरचे रान राखावे. त्यात नव्या सडका व पर्यटकांचे बंगले चढू देऊ नयेत. हे तर धरणाच्याच हिताचे आहे. नवजा येथे वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तो उघड्या डोंगरावर पडला तर माती घेऊन खाली येईल आणि जलाशय गाळाने भरेल. ज्या रानाचा तळ धरणाने गिळला त्याच रानाचा उरलेला भाग फुकट चाकरी करून धरणास राखीत आहे. तसेच, रान राखावयाचे म्हणून माणसे पुन्हा हाकलू नयेत. त्यांच्याशी बसून, त्यांच्या संमतीने काय करावयाचे ते ठरवावे. वीज बिलातील दोनचार पैसे खोऱ्यासाठी वेगळे काढले तर कोणाचे घर बुडेल असे आम्हांस वाटत नाही. ह्याहून अधिक जाणत्यांनी सांगावे.

महिन्याभराने आम्ही पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा म्हातारबाबा पारावर बसले होते. वहीत न आलेले काय काय होते ते तुम्हांस आठवते काय, असे आम्ही विचारिले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी बोटांवर मोजीत सांगावयास आरंभ केला: घरामागचा हिरडा, नदीतली मोठी कोंड जेथे उन्हाळ्यातही पाणी आटत नसे, कोंडीवरचा वाकलेला उंबर, त्यावर बसणारा ककणेर, शिकेकाईची जाळी, आजोबांनी मध काढिला तो कडा. गीतांच्या कागदाच्या मागील कोऱ्या बाजूवर आम्ही ती नावे टिपून घेत होतो. अकरा नावे झाली आणि शेवटची एस. टी. आली.